लोटनची जीप किती देते

नेरचा लोटन निवांत बसून जेवला असेल तर तो फक्त स्वतःच्या लग्नात, आणि तिथंही पंगत उठायच्या आत तो उठला होता. बाकी त्याची भाकर उभ्यानंच. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात जीपची चावी. सातवीत गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं तर त्याला ती शिक्षा वाटलीच नाही, उलट बरं वाटलं. गुरुजींच्या ते ध्यानात आलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला दिवसभर हात बांधून बसायला सांगितलं. मधल्या सुट्टीत तो निघाला तो परत शाळेत गेलाच नाही.

मग ट्रॅक्टर, मग उसाचा ट्रक, मग सुरतेच्या रस्त्यावर दोन वर्षं क्लीनरकी. चोविसाव्या वर्षी त्याच्या हातात सुकदेव आबांची जीप आली. धुळे ते साक्री, साक्री ते धुळे. पंचावन्न किलोमीटर जायचं, पंचावन्न यायचं. मध्ये मोराणे, कुसुंबा, नेर, शेवाळी आणि रस्त्यात जिथं कोणी हात दाखवील तिथं.

ती जीप म्हणजे एक प्रकरण होतं. आबांनी ती लिलावात घेतली तेव्हा पेट्रोलवर चालायची. पेट्रोलवर धंदा होत नाही म्हणून त्यांनी तिचं इंजिन काढून टाकलं आणि दुसरीकडून आणलेलं डिझेलचं इंजिन तिच्यात बसवलं. ते काम केलं अन्वरनं. साक्री रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. अंग पेट्रोलच्या गाडीचं आणि काळीज डिझेलचं, म्हणून स्टँडवरचे सगळे तिला हायब्रीड म्हणायचे. हायब्रीड ज्वारी, हायब्रीड कपाशी, तशी ही हायब्रीड जीप. आबांना ते आवडायचं. हायब्रीडचं पीक जास्त येतं, असं ते हसून म्हणायचे.

आणि सगळं बिघडलं ते ह्या जास्तीच्या आशेपायी.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आबा चोपड्याला व्याह्यांकडे लग्नाला गेले. व्याह्यांचीही जीप होती, डिझेलचीच. जेवणं झाल्यावर चार माणसं मांडवात बसली की बोलणं गाड्यांवर येतंच, आणि गाडीवर आलं की एकच प्रश्न. किती देते? व्याही म्हणाले, चौदा. एका लिटरला चौदा किलोमीटर. आबांची जीप रोज दहा द्यायची. आबांनी तिथं आपले दहा सांगितले नाहीत. पण चोपड्याहून धुळ्यापर्यंत एसटीत ते चौदा त्यांच्या डोक्यात घुमत राहिले.

आता किती देते ह्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा मालक अख्ख्या खानदेशात नसेल. ज्याची अकरा देते तो तेरा सांगतो आणि ज्याची तेरा देते तो विषयच निघायची वाट बघतो. हे आबांनाही माहीत होतं. ते स्वतः मांडवात बारा सांगून आले होते. पण दुसऱ्याचं चौदा खरं मानायचं आणि आपल्या ड्रायव्हरचं दहा खोटं, असं त्यांचं झालं.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी आबा धुळ्याच्या एसटी स्टँडबाहेर आले. साक्रीच्या जीपा तिथं लागायच्या. पाच-सहा ड्रायव्हर उभे होते. त्या सगळ्यांच्या समोर आबांनी विचारलं, "चार किलोमीटर कोठे जातस रे लोटन? तुना घर का?"

ह्याचा अर्थ स्टँडवर कोणाला समजावून सांगावा लागला नाही. टाकीत रबराची नळी सोडायची, तोंडानं ओढायची आणि डबा भरून घ्यायचा. अशी माणसं होती. त्यांची नावं सगळ्यांना पाठ होती आणि त्या नावांना धुळ्यापासून नवापूरपर्यंत कोणी स्टेअरिंगला हात लावू देत नव्हतं.

लोटननं चावी काढली आणि पुढे केली. आबांनी ती घेतली नाही.

"चावी दिसन तू सुटशी नही," ते म्हणाले. "गाडीनं काय खाधं आनि तू काय खाधं ते आधी दिसू दे."

लोटन नोकरी सोडायला एका पायावर तयार होता. सोडणं त्याला नेहमीच सोपं जायचं. पण आता सोडली असती तर तो चोर म्हणूनच निघाला असता. तो तडक फेरी घेऊन निघाला. घरी बायकोला, कमलबाईला, त्यानं काही सांगितलं नव्हतं, पण गावाला बातमी जीपच्या आधी पोचते. हापशावर एकीनं कमलबाईला विचारलं की तुमच्याकडे रॉकेलची लाइन लावावी लागत नसेल, डिझेलचाच दिवा लागत असेल. कमलबाईनं हंडा तिथंच आपटला आणि घरी आली. त्या दिवशी लोटननं उभ्यानंसुद्धा जेवण केलं नाही.

तोडगा अन्वरनं काढला.

अन्वर आणि लोटन ही जोडी कशी जमली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एक दिवसभर गाडीखाली आडवा, दुसरा दिवसभर रस्त्यावर पळता. लोटनचा मुलगा धुळ्याच्या दवाखान्यात झाला तेव्हा अन्वरच्या आईनं, सुगराबीनं, आठ दिवस कमलबाईला घरून डबा पाठवला होता. तेव्हापासून अन्वरबद्दल कोणी वाकडं बोललं की लोटन आधी हात उचलायचा आणि मग काय बोलला ते विचारायचा.

अन्वर आबांना म्हणाला, भांडता कशाला, मोजून घेऊ. टाकीची नळी काढायची. पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन पुढे बॉनेटजवळ बांधायचा आणि त्यातून इंजिनाला डिझेल द्यायचं. कॅन रिकामा झाला की गाडी बंद पडेल. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायचे. जीप लिलावात घेतली तेव्हापासून तिचा मीटर बंदच होता. कॅन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यातून कोण काय काढणार?

अन्वर हे शेकडो वेळा करून चुकला होता. फियाट, अँबॅसॅडर, रिक्षा, सगळ्यांना त्यानं अशीच बाटली टांगली होती.

एका सकाळी तिघं निघाले. लोटन स्टेअरिंगवर, आबा शेजारी, मागे अन्वर. शिटा, म्हणजे भाड्याची माणसं, घेतल्या नाहीत. नेर गेलं तसा लोटन दर दगडाला कॅनकडे बघायला लागला. शेवाळी यायच्या थोडं आधी जीपनं दोन आचके दिले आणि थांबली. दगड मोजले तर पंचेचाळीस किलोमीटर. पाच लिटरला पंचेचाळीस. म्हणजे नऊ.

आबांनी रिकामा कॅन हलवून बघितला. मग लोटनकडे वळून म्हणाले की तू तर ह्या गाडीकडून दहा काढतोस, तू चांगलाच चालवतोस की. लोटन सुटला. शेवाळीच्या बाभळीखाली भर दुपारी सुटला. अन्वरनं त्याच्या पाठीत एक धपका घातला.

पण आबांच्या डोक्यातले चौदा काही निघाले नव्हते. ड्रायव्हर खात नाही, म्हणजे इंजिन खातं. इंजिन कोणी बसवलं? परतीसाठी अन्वरनं कॅन पुन्हा भरला, तर आबा त्याच्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यांनी सांगायला सुरुवात केली की ह्या माणसानं मला भंगार इंजिन गळ्यात मारलं. आठवडाभरात अन्वरकडे इंजिन बदलायला येणार होते ते दोघं दुसऱ्या गॅरेजला गेले. ज्यानं मित्राला सोडवायला मोजमाप केलं, त्याच मोजमापानं तो अडकला.

लोटनला मात्र त्याच्याही आधी, दुसऱ्या दिवशी सकाळीच काहीतरी खटकलं होतं. तो रोज सकाळी टाकीत एक काठी बुडवून बघायचा. काठीवर चाकूनं खाचा केलेल्या होत्या. मोजायला निघायच्या आधीही त्यानं सवयीनं काठी बुडवली होती. त्या दिवशी जाताना-येताना टाकीतून एक थेंब इंजिनाला गेला नव्हता, मग काठी जिथं होती तिथंच यायला हवी होती. ती अर्धं बोट जास्त ओली झाली. त्याला वाटलं जीप उतारावर आहे. त्यानं ती सपाट जागेवर नेली आणि पुन्हा बुडवली. अर्धं बोट जास्त. जीपचं तोंड फिरवून बुडवली. तेवढंच.

टाकीतलं डिझेल वाढतं कसं?

चार फेऱ्या तो हेच घोळवत होता. शिटा कुठं उतरायच्या ते त्याच्या लक्षात राहिना. कुसुंब्याच्या माणसाला त्यानं नेरला नेलं आणि वर त्याच्यावरच तापला. नेरची झुंबरबाई रोज भाजीची टोपली घेऊन त्याच्या जीपमध्ये बसायची. ती म्हणाली, "तुना जीव कोठे शे रे भाऊ? गाडीमा ते नही."

शेवाळीच्या थांब्यावर तो नुसता उतरला, बॉनेट उघडलं, आणि त्याला दिसलं. डिझेल इंजिनाच्या पंपात लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल जातं. उरलेलं दुसऱ्या एका बारीक नळीनं परत टाकीत येतं. पेट्रोलच्या गाडीला ही दुसरी नळी नसतेच. बाटली टांगून मोजायचा अन्वरचा हात सगळा पेट्रोलवर बसलेला. त्यानं कॅनमधून जाणारी नळी जोडली आणि परत येणारी तशीच टाकीत राहू दिली. कॅनमधलं डिझेल इंजिनात जात होतं, आणि त्यातलं उरलेलं गुपचूप मागे टाकीत जाऊन पडत होतं. जीप नऊ देत नव्हती. जास्त देत होती. किती, ते देव जाणे.

तो बॉनेट लावून तिथंच उभा राहिला. मागे शिटा ओरडायला लागल्या.

हे तो एकटाच ओळखून होता. गप्प राहिला तर तो सुटलेलाच होता. बोलला तर त्याला सोडवणारे नऊ खोटे ठरणार होते आणि स्टँडवरचा तो प्रश्न पुन्हा त्याच्या अंगावर येणार होता. संध्याकाळी कमलबाईला सांगितलं तर ती म्हणाली, आता कुठं बायका माझ्याशी बोलायला लागल्यात. एवढंच म्हणाली. तो अंगणात फेऱ्या मारत राहिला. मध्येच जाऊन जीपला हात लावून यायचा, जसं काही ती पळून जाणार होती.

सकाळी पहिली फेरी सोडून तो गॅरेजात गेला. अन्वर आधी हसला. मग एका टायरवर बसला. मला कसं दिसलं नाही, असं दोनतीनदा पुटपुटला. आणि मग म्हणाला, "कुणाला सांगू नको. माझं काय, पत्र्याचं का होईना, गॅरेज आहे. चार दिवस लोक बोलतील. तुझ्याकडे नावाशिवाय काय आहे?"

"चल ऊठ," लोटन म्हणाला. "तुझी नळी घे आणि गाडीत बस."

दोघं थेट आबांच्या घरी गेले. लोटननं सगळं एका दमात सांगितलं, काठीसकट. आबांना दोनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "म्हणजे तू अजून सुटना नहीस?"

"नही," लोटन म्हणाला. "पन इंजिन भंगार नही, हाई बी स्टँडवर जाईसन सांगा."

पुन्हा कॅन बांधला. ह्या वेळी झाकणाला दोन भोकं, एक जाणारी नळी, एक येणारी. पुन्हा तोच रस्ता, रिकामी जीप, तिघंच. शेवाळी गेलं. साक्री आलं आणि मागे पडलं. साक्रीच्या पुढे दहावा दगड गेला तेव्हा जीप थांबली. पासष्ट किलोमीटर. तेरा.

अन्वर सुटला. पण तो उतरून बाजूला जाऊन उभा राहिला, त्याला लोटनकडे बघवेना. आबा बोटांवर हिशेब करत होते. तेरामधून दहा गेले की तीन.

लोटनला स्वतःलाही कळत नव्हतं. तो चोर नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तीन किलोमीटर रोज कुठं जात होते ते त्याला सांगता येईना. परत फिरताना त्यानं साक्री गाठलं. चौकात दोन जीपा धुळ्यासाठी लागलेल्या. इंजिनं चालू, दोन्ही गुरगुरत. एक दहा फूट पुढे जायची आणि मागे यायची. आतली माणसं निमूट बसलेली. लोटननं एकदम ब्रेक दाबला.

"परवा बाजार शे," तो आबांना म्हणाला. "कॅन असाच राहू द्या. मी रोज चालवस तशीच चालवसू. तुम्ही दिवसभर शेजारी बठा."

बाजाराच्या दिवशी आबा सकाळीच धुळ्याच्या स्टँडवर येऊन पुढे बसले. कॅन त्यांच्या समोरच काचेपलीकडे, पांढरा, आतलं डिझेल बाहेरून दिसणारा. झुंबरबाई आली आणि म्हणाली, आबा तुम्ही बसलात तर मी टोपली कोणाच्या डोक्यावर ठेवू? आबांनी ती आपल्या पायाशी घेतली.

पाच शिटा झाल्या होत्या. बाराशिवाय निघायचं नाही. लोटननं इंजिन चालू ठेवलं. गाडी बंद दिसली की माणूस समजतो की ही आत्ता निघत नाही, आणि पुढच्या गुरगुरणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसतो. म्हणून इंजिन बंद करायचं नाही, ही शिकवण लोटनला पहिल्याच आठवड्यात खुद्द आबांनीच दिली होती. साक्रीचं कोणी येताना दिसलं की लोटन गिअर टाकायचा, जीप दहा फूट पुढे न्यायची, आता सुटलीच असं दाखवायचं, आणि तो माणूस धावत येऊन चढला की पुन्हा दहा फूट मागे. हीही शिकवण आबांचीच.

आबांची नजर कॅनवर होती. जीप होती तिथंच होती आणि डिझेल खाली चाललं होतं. बोटभर गेलं. आणखी थोडं गेलं. स्टँडच्या चौकात जीप पुढेमागे जेवढी चालली त्याचा दगड कुठंच नव्हता.

"बंद कर," आबा म्हणाले.

लोटननं बंद केली. सगळं एकदम शांत झालं. मागची दोन माणसं एकमेकांकडे बघून उतरली आणि वनाच्या जीपमध्ये जाऊन बसली. वना हा त्याच रस्त्यावरचा ड्रायव्हर. त्यानं मुद्दाम ॲक्सिलेटर दाबून आवाज मोठा केला.

"चालू कर, चालू कर," आबा म्हणाले.

मग निघाली. बारा म्हणता म्हणता सतरा माणसं, दोन बोकड, एक शिलाई मशीन. मोराण्याला थांबा, पुढे शेतातून एक जण पळत येतोय म्हणून थांबा, कुसुंब्याला खत उतरवायला थांबा. प्रत्येक वेळी पहिला गिअर, दुसरा गिअर, इंजिन ओरडतंय, गाडी उचलतेय, की पुन्हा कोणाचा तरी हात. तिसऱ्या गिअरमध्ये जीप धड पोचतच नव्हती. आबा एकदा म्हणाले, राहू दे त्याला, मागून येईल. लोटननं थांबवलीच नाही. तर आबांनीच मागे वळून बघितलं, तो माणूस वनाच्या जीपला हात करत होता. पुढच्या वेळी आबांनी स्वतः हात बाहेर काढून गाडी थांबवली.

नेरच्या पुढे पहिला कॅन संपला. दुसरा आबांनी स्वतः ओतला. साक्रीच्या चौकात बाजार उठेपर्यंत तेच, गुरगुर, दहा फूट पुढे, दहा फूट मागे. ऊन तापलं होतं. बोकडाच्या मालकानं आबांना विचारलं की किती देते हो गाडी? आबांनी त्याला नुसता कॅन दाखवला.

दिवस कलताना ते धुळ्याला परत आले. अन्वर स्टँडवर येऊन उभाच होता. एकशे दहा किलोमीटर झाले होते. दोन कॅन पुरते गेले होते. तिसऱ्यातलं उरलेलं त्यानं लिटरच्या मापानं मोजून काढलं. दीड लिटर गेलं होतं. साडेअकराला एकशे दहा.

साक्रीचे ड्रायव्हर भोवती जमले होते. वना दात काढत होता. मोजमाप काय आलं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण आबांनी लोटनला कुठं विचारलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं. लोटन उतरला नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. एक पाय मात्र सारखा हलत होता.

आबा उतरले. त्यांनी उरलेलं डिझेल कॅनमधून टाकीत ओतलं, थेंब सांडू न देता. टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली.

"बठ्ठा आयका," ते सगळ्यांना म्हणाले. "ह्या रस्ताले, ह्या शिटासले, मनी गाडी दहाच देस. लोटननी काहीच लियेल नही. मी बोलनू ते चुकीनं बोलनू."

मग जीपमधून लोटन म्हणाला,

"साडेनऊ, आबा."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. "हां," ते म्हणाले. "साडेनऊ."

वनाचं हसू गेलं होतं. तो सगळ्यांना नेहमी तेरा सांगायचा. त्यानं विडी विझवली, आपल्या जीपकडे जाता जाता अन्वरजवळ थांबला आणि हळूच विचारलं की माझ्या गाडीलाही एकदा कॅन लावून देशील का, पण मालकाला कळू न देता. लोटननं तोवर इंजिन सुरू केलं होतं. एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि ती साक्रीचीच असणार असं तिच्या चालीवरून दिसत होतं.